गाडी ८० ला लॉक आहे, पण वेळ नेमका कुठं जातोय?

निपाणीकडच्या एका भावानं प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तो दहा चाकी ट्रक चालवतो, बेळगाव-पुणे-चाकण लाइन. आधीची गाडी जुनी होती, तिच्या स्पीड लिमिटरची वायर कुणीतरी कधीच काढून टाकलेली, ९०-९२ आरामात जायची. आता मालकानं नवीन बीएस६ गाडी हातात दिली आणि ती ८० च्या वर जातच नाही. पगार ट्रिपवर आहे. मालक फोनवर फोन करतो, अजून साताऱ्यातच का म्हणून. घरी पोचायला उशीर, झोप पुरत नाही, बायको वेगळी नाराज. गॅरेजवाला म्हणतोय तीन हजार दे, लॅपटॉप लावून लॉक काढून देतो. तर अण्णा, काढू का नको, आणि या लिमिटरनं ड्रायव्हरचं नुकसानच झालंय की नाही ते खरं सांगा, असा प्रश्न.

भावा, मी १९ वर्षं स्टेअरिंगवर काढलीत, बेळगाव-पुणे-भिवंडी आणि मधली काही वर्षं हुबळी-बेंगळूर. गेली ७ वर्षं बेळगावातल्या उद्यमबागच्या बाजूला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्या सोडायचं काम बघतोय, १४ गाड्या आहेत. त्यामुळं ड्रायव्हरला फोन आला की पोटात कसा गोळा येतो ते मला माहीत आहे आणि फोन करणाऱ्याच्या डोक्यावर पार्टीचा, म्हणजे माल देणाऱ्या गिऱ्हाइकाचा, फोन कसा बसलेला असतो तेही रोज बघतोय.

लॉक काढू नको. हे पहिलं उत्तर. पण एवढंच सांगून गप्प बसलो तर तुझा प्रश्न आहे तिथंच राहतोय, कारण तुझं दुखणं ८० चं नाही. तू जे लिहिलंयस ते मी तीनदा वाचलं, त्यात झोप, फोन, ट्रिपचा पगार, घर हे सगळं आहे आणि हे सगळं वेळेचं दुखणं आहे. माझं म्हणणं असं आहे की तुझा वेळ कंपन्यांच्या गेटवर, माल उतरायची वाट बघण्यात जातोय. आजवर तो वेळ तू ॲक्सिलरेटर दाबून भरून काढत होतास, आता ॲक्सिलरेटर लॉक झाला म्हणून तोच वेळ तुझ्या झोपेतनं कापला जातोय. लिमिटरनं वेळ खाल्ला असं वाटतंय, पण त्यानं फक्त तुझी भरून काढायची जागा बंद केली.

आता हे सगळ्यांना सारखंच लागू नाही. चोर्ला किंवा आंबोली घाटातनं गोव्याला भाजी घेऊन जाणाऱ्याला ८० चा प्रश्नच येत नाही, तिथं ३० च्या वर काटा गेला तरी हात घामेजतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या रस्त्यांवर सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं जायचं म्हटल्यावर कुठलं ८०. ज्याचा महिन्याचा पगार ठरलेला आहे आणि बाटा, म्हणजे वरखर्चाचा भत्ता, दिवसावर आहे त्याला उशीर झाला तर त्रास होतो पण खिसा कापला जात नाही. तुझं ट्रिपवर आहे म्हणून तुला जास्त लागतंय. आणि टँकर, डंपरवाल्यांना तर ६० चं लॉक आहे, त्यांचं गाऱ्हाणं वेगळं आणि माझ्या मते जास्त खरं, त्यावर खाली बोलतो.

नियम काय आहे तेवढं आधी सांगून टाकतो कारण गॅरेजवाले त्यावर काहीही बोलतात. केंद्राच्या मोटर वाहन नियमांत ११८ नंबरचा नियम आहे, स्पीड गव्हर्नरचा. एप्रिल २०१५ मध्ये त्याचं नवीन नोटिफिकेशन आलं आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या ट्रक-बसला कंपनीतनं किंवा डीलरकडनं ८० ला सेट केलेला लिमिटर लावूनच गाडी द्यायची असं ठरलं. टँकर, डंपर, शाळेची बस आणि धोक्याचा माल नेणाऱ्या गाड्यांना ६०. ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, पोलीस गाड्यांना सूट. नंतर एप्रिल २०१८ मध्ये रस्त्याप्रमाणे मॅक्झिमम स्पीड ठरवले, त्यात मालवाहू गाडीला एक्सप्रेसवेला आणि मध्ये दुभाजक असलेल्या चौपदरी हायवेला ८०, बाकी रस्त्यांना आणि शहरात ६०, राज्य सरकार त्याच्याही खाली आणू शकतं. म्हणजे लिमिटर काढला तरी ९२ नं जायला तुला कुठल्याच रस्त्यावर परवानगी नाही, हे डोक्यात पक्कं ठेव.

आता हे यंत्र करतं काय, ते नीट समजून घे कारण यातला गैरसमज मी स्वतः कित्येक ड्रायव्हरांच्यात बघितलाय. जुन्या गाड्यांत डबा वेगळा असायचा, गिअरबॉक्सच्या सेन्सरवरनं स्पीड घ्यायचा आणि डिझेल लाइनमधला व्हॉल्व्ह आवळायचा, नाहीतर पेडलचा सिग्नल अडवायचा. तो डबा बाहेर असल्यामुळं वायर काढणं सोपं होतं. तुझ्या बीएस६ मध्ये हे सगळं ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, आत आहे, म्हणून लॅपटॉप लागतोय. पण जुनं असो नवीन असो, लिमिटर फक्त डिझेल कापतो. तो ब्रेक मारत नाही. चढाला आणि सपाटीला तो ८० ला धरून ठेवतो, उताराला नाही. भरलेली गाडी उतारावर स्वतःच्या वजनानं ९०, १०० जाते आणि लिमिटर काही करू शकत नाही कारण त्या वेळी इंजिन गाडीला ओढतच नसतं.

हे सांगायचं कारण तुझ्या लाइनवर असले उतार आहेत, त्यातले दोन सांगतो. एक तवंदी घाट, निपाणीकडं उतरताना, आणि दुसरा पुण्यात शिरताना कात्रजच्या नवीन बोगद्यातनं बाहेर पडल्यावर नवले पुलाकडचा. नवले पुलाला किती गाड्या मागनं येऊन आदळल्यात हे तुला सांगायला नको. लिमिटरच्या गाडीवरचे काही जण काय करतात, सपाटीला ८० च्या वर जात नाही म्हणून उताराला न्यूट्रल करून गाडी सोडतात, तेवढाच वेळ मिळतो आणि डिझेल वाचतं म्हणून. डिझेल वाचत नाही. आताची इंजिनं गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल स्वतःच बंद करतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. आणि न्यूट्रलला इंजिन ब्रेक गेला, एक्झॉस्ट ब्रेक गेला, कॉम्प्रेसर आयडलवर फिरतोय म्हणून ब्रेकची हवा हळू भरते आणि तू सारखा ब्रेक मारून ती संपवत असतोस, त्यात लायनर तापून ब्रेक धरेनासा होतो. खाली पोचेपर्यंत हातात काही राहत नाही. तेव्हा लिमिटर आहे म्हणून गाडी कंट्रोलमध्ये आहे असं उताराला कधीच समजू नको. ज्या गिअरमध्ये तो उतार चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर, जमलं तर त्याच्याही खालच्या.

आता वेळेचा हिशोब. बेळगाव ते पुणे धरू ३४० किलोमीटर. यातलं मोकळं, जिथं गाडी खरोखर काट्याला काटा लावून पळते असं किती आहे? निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड, साताऱ्याजवळची गर्दी, सातारा-कागल सहापदरीचं काम आणि त्याची डायव्हर्जन, घाट, टोल हे सगळं वजा करून २०० किलोमीटर धर, तेही खूप झालं. २०० किलोमीटर ८० नं अडीच तास होतात. ९२ नं दोन तास दहा मिनिटं. फरक वीस मिनिटांचा. वीस मिनिटं म्हणजे एक चहा, एक टायर ठोकून बघणं आणि लघवीला थांबणं.

आणि त्या वीस मिनिटांसाठी काय देतोस? स्पीड ८० चा ९२ झाला म्हणजे पंधरा टक्के वाढला, पण गाडीला थांबवायला लागणारा जोर स्पीडच्या वर्गात वाढतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश जास्त. २०१८ मध्ये दहा चाकीचं पासिंग वजन, म्हणजे मालासकट परवानगीचं वजन, २५ टनावरनं २८.५ टन झालं, म्हणजे वजनही वाढलंय. मी हे पुस्तकातलं सांगत नाही, पुढं सांगतो का ते.

आता एक ट्रिप डोळ्यासमोर आण, तुझीच समज. उद्यमबागेतनं कास्टिंग भरली, ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा कागद, होऊन रात्री साडेनऊला बाहेर पडलास. चाकणला सकाळी साडेसहाला गेटवर. ३७५ च्या आसपास किलोमीटर, नऊ तास, त्यात तासभर थांबलास, म्हणजे चालत्या आठ तासांत सरासरी ४७. बघितलंस? काटा ८० दाखवत होता तरी सरासरी ४७ च पडते. आता गेटवर काय होतंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे पण लिहितो, कारण मालक लोकही हे वाचतात. सिक्युरिटीवाला रजिस्टरला नाव लिहून टोकन देतो. आत आधीच अकरा गाड्या. गाडी रस्त्याच्या कडेला लाव म्हणतो, तिथं सावली नाही, संडास नाही, आत गेलास तर ड्रायव्हरला परवानगी नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, चांगली गोष्ट आहे, पण गेटवर इंजिन बंद करा म्हणतात मग एसीचं काय करायचं, काच खाली करून ओला टॉवेल तोंडावर टाकून पडायचं. झोप लागते न लागते तोच दारावर थाप, गाडी चार फूट पुढं घे. अशी रांग पुढं सरकत दुपारी तीनला गाडी आत, साडेपाचला रिकामी, साडेसहाला माल मिळाल्याची पोच हातात. बारा तास. या बारा तासांत तू काम करतोयस का? रजिस्टरप्रमाणे नाही. झोपतोयस का? तेही नाही. आणि संध्याकाळी परतीचं भाडं भरून रात्रभर परत चालवायचं.

लिमिटरची वीस मिनिटं आणि गेटचे बारा तास. मग मालक ड्रायव्हरला विचारतो अजून साताऱ्यातच का.

मी जे भोगलंय ते आता सांगतो. २०१७ चा जानेवारी, गाडी २०१६ ची, लिमिटर होता पण आमच्याकडच्याच एका गॅरेजमध्ये वायर काढून घेतलेली, मीच सांगितलं होतं. पुण्याजवळच्या एका कंपनीत अकरा तास थांबून गाडी रिकामी झाली, परतीचा माल भरला आणि सकाळी बेळगावला लागायचंच म्हणून निघालो. तवंदी चढून वर आलो, रात्रीचे दोन वाजून गेलेले, रस्ता मोकळा, ९० च्या वर होतो. संकेश्वरच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली. मागं रिफ्लेक्टर नाही, लाइट नाही, उसाचे शेंडे लोंबकळत होते त्यातनं ट्रॉलीचा पत्रा जवळ गेल्यावर दिसला. ८० ला गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते, ९२ ला साडेपंचवीस. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धर, ताज्या माणसाचा. मी ताजा नव्हतो. उजवीकडं ओढली तरी डावी बाजू लागलीच. ऊस केबिनच्या पत्र्यावर पडत राहिल्याचा आवाज आणि त्यात आमचा क्लीनर "अण्णा पाय, अण्णा पाय" म्हणत होता, खानापूर तालुक्यातलं पोरगं, एकवीस वर्षांचं. डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. वाचला, लग्न झालं, दोन मुलं आहेत, पण आजही थंडीत पाय दुखतो म्हणतो आणि मी फोन ठेवल्यावर बराच वेळ गप्प असतो.

ट्रॉलीवाल्याची चूक होती, होतीच. वायर लावलेली असती तर अपघात टळला असता असं मी छातीठोक सांगणार नाही. पण एवढं खात्रीनं सांगतो की लागलं असतं तर कमी लागलं असतं. आणि दुसरं, त्या रात्रीची चूक पुण्याच्या गेटवर सुरू झाली होती, अकरा तास गेले तिथं. मी ते रस्त्यावर वसूल करायला गेलो आणि किंमत त्या पोरानं दिली.

म्हणून तुला काढू नको म्हणतो. बाकीची कारणं पण आहेत. मोटर वाहन कायद्याच्या १८२ए कलमाखाली गाडीत असा फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका फेरफाराला पाच हजार दंड किंवा दोन्ही. मोठ्या गाडीला ओव्हरस्पीडचा दंड दोन ते चार हजार, दुसऱ्यांदा सापडलास तर लायसन्स जमा. अपघातात माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं १०६ कलम, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ती केस ड्रायव्हरवर होते, गॅरेजवाल्यावर नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरला हात लावलेली गाडी वॉरंटीला गेली की वाद, पासिंगला गेली की वाद. आणि हे सगळं मालकाला न विचारता केलंस तर पहिला तो तुलाच पुढं करेल.

पण लिमिटरनं ड्रायव्हरला त्रासच होत नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. होतो. मोठा त्रास ओव्हरटेकचा. पुढची गाडी ७८ नं चाललीय, तू ८० ला लॉक. बाहेर काढलीस. फरक ताशी दोन किलोमीटरचा. तिच्या मागनं निघून तिच्या पुढं सुरक्षित आत यायला साठ मीटर जादा काटायला लागतात, त्याला लागतात जवळजवळ एकशे आठ सेकंद, तेवढ्यात तुम्ही दोघं मिळून जवळजवळ अडीच किलोमीटर रस्ता अडवलात. मागं कारवाले डिपर मारतात, हॉर्न वाजवतात, शिव्या देतात, आणि त्या दडपणाखाली माणूस घाई करून गाडी आत घालतो. यावर माझा ड्रायव्हरांना नियम असा आहे की पाच-सहा किलोमीटरचा फरक असल्याशिवाय बाहेर काढायचीच नाही, आणि आपल्याला कुणी काढत असेल तर आपण पाय उचलायचा, चार सेकंद. चार सेकंद पाय उचलल्यानं कुणाची इज्जत जात नाही. आणि मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्याला समोरून गाडी दिसत असताना लिमिटरच्या गाडीनं ओव्हरटेक नाहीच, कारण शेवटच्या क्षणी ओढायला गाडीत जोर शिल्लक नसतो. जुन्या गाडीची सवय असलेल्याला हे कळायला महिना दोन महिने लागतात, तोच काळ धोक्याचा. तू आता त्याच काळात आहेस.

दुसरा त्रास पायाचा आणि डोक्याचा. पेडल तळाला टेकवून तास तास तसंच बसलं की उजवी पोटरी भरून येते, कंबर धरते, आणि करायला काही नसल्यामुळं पहाटे तीन ते पाचला डोळा लागतो. यावर उपाय साधा आहे पण कुणाला पटत नाही, ८० च्या लॉकला टेकून चालवू नकोस, ७२ ते ७५ ला चालव. पेडलला हालचाल राहते, पाय मोकळा राहतो, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवता येतं, गरज पडली तर थोडा जोर शिल्लक असतो. वेळेचा फरक बघायचा तर वर दिलेल्या २०० किलोमीटरला दहा ते सतरा मिनिटं. आमच्या गाड्यांत भरल्या मालाला ४ चं ॲव्हरेज साडेचारच्या आसपास गेलंय, पुणे जाऊन येऊन ६८० किलोमीटरला १९ लिटर डिझेल होतं ते. हवेचा विरोध स्पीडबरोबर झपाट्यानं वाढतो, त्यामुळं वरचे दहा किलोमीटरच सगळ्यात महाग पडतात.

टँकरवाल्यांचं बोलतो म्हटलं होतं. ६० चं लॉक मालाच्या दृष्टीनं बरोबर आहे, टाकीतलं पातळ हलतं आणि वळणाला गाडी लोटते. पण हायवेला बाकीचे ट्रक ८० नं आणि कार १०० नं येत असताना ६० नं चालणाऱ्याला सगळा धोका मागनं असतो आणि त्याच ट्रिपला त्याला तासनतास जास्त लागतात. त्यांचा ट्रिपचा रेट ८० वाल्या गाडीच्या हिशोबानं लावणं हे सरळ सरळ लूट आहे असं माझं मत आहे.

आता मूळ दुखण्याकडं. युरोपात पण मोठ्या ट्रकला लिमिटर आहे, ९० चा, १९९० च्या दशकापासून. पण तिथं स्पीडबरोबर ड्रायव्हरचे तासही बांधलेत, टॅकोग्राफ नावाचं यंत्र गाडीत बसवलेलं असतं, साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायलाच लागतं, दिवसाला साधारण नऊ तासच चालवायचं. आपल्याकडं १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात लिहिलं होतं, दिवसाला ८ तास, लांबच्या रूटला परवानगीनं १०, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. सांग, आपल्या लाइनवर कुणी पाळलेलं बघितलंयस? स्पीडला यंत्र लावलं, तासांना कागद. म्हणून लिमिटरचा भार ड्रायव्हरवर येतोय. माझ्या मते लिमिटर अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं काम कुणी केलं नाही आणि त्याचा राग आपण चुकीच्या वायरवर काढतोय.

मग तू काय करायचं. पहिलं, एक वही घे. गाडी भरायला लागली तो टाइम, निघालास तो टाइम, गेटला लागलास, आत गेलास, रिकामी झाली, पोच मिळाली, एवढंच लिही. पोचेवर सिक्युरिटीकडनं इन टाइम आणि आउट टाइम टाकून घे, सही शिक्क्यासह, देत नसतील तर गोड बोलून घे, रोजचे असतील तर देतात. नवीन गाडीत जीपीएस असणार, तू म्हणशील त्यानं मालक आपल्यावर नजर ठेवतोय, ठेवू दे, तोच जीपीएस गाडी गेटवर बारा तास उभी होती हेही दाखवतो, ते तुझ्या बाजूचं आहे.

दुसरं, मालकाशी बोलायचं ते लिमिटरवर नाही, हॉल्टिंगवर, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशावर. गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबली तर पार्टीकडनं हॉल्टिंग मागता येतं, बरेच मालक मागतात पण आणि मिळतं पण, फक्त ते ड्रायव्हरपर्यंत येत नाही. बाटा ट्रिपवर असेल तर दिवसावर करून माग. आमच्याकडं हे करायला मला मालकांशी दोन वर्षं भांडायला लागलं. शेवटी पटलं ते माझ्या बोलण्यानं नाही, वहीतल्या आकड्यांनी पटलं, आणि डिझेलच्या वाचलेल्या १९ लिटरमुळं पटलं. लिमिटरनं डिझेल वाचलं, टायर वाचला, तो पैसा मालकाच्या खिशात गेलाय, त्यातला थोडा ज्याचा वेळ गेला त्याला मिळाला पाहिजे, एवढं सरळ बोल.

तिसरं, पार्टीला दिलेली वेळ. ई-वे बिलाला सरकार २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस धरतं, म्हणजे चाकणच्या ३७५ ला दोन दिवस. सरकार दोन दिवस देतं आणि तुझ्या मालकानं पार्टीला उद्या सकाळी म्हणून शब्द दिलेला असतो. आणि ही गोष्ट बऱ्याच मालकांना माहीत नाही, कायद्याच्या १८३ कलमात असं आहे की स्पीड लिमिट मोडल्याशिवाय पोचणं शक्य नाही अशी वेळ कुणी ठरवून दिली किंवा तसा हुकूम दिला, आणि कोर्टाला तसं वाटलं, तर तो हुकूमच त्या देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरतात. ड्रायव्हरवर जबरदस्ती करणाऱ्यालाही दंड आहे. हे मालकाच्या तोंडावर फेकू नकोस, नोकरी करायची आहे तुला. पण फोनवर "कसं पण करून सहाला लाव" म्हणाला तर "व्हॉट्सॲपला टाका मालक, विसरतो मी" एवढं म्हण. लिहून टाकायची वेळ आली की बरेच जण आठ म्हणतात.

एक सांगायचं राहिलं, सगळंच वाईट झालेलं नाही. २०१७ ला जीएसटी आल्यावर सेल टॅक्सचे नाके गेले, २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला पूर्वी रांगेत उभं राहून कागद दाखवण्यात जो वेळ जायचा तो आठव, नाहीतर वडीलधाऱ्या ड्रायव्हरला विचार. लिमिटरनं घेतला त्यापेक्षा जास्त वेळ तिथं परत मिळाला. तो गेला कुठं? मालकांनी आणि पार्ट्यांनी पोचायची वेळ अलीकडं ओढून घेतली. ड्रायव्हरच्या झोपेत त्यातला एक तास सुद्धा आला नाही. तेव्हा उद्या लॉक काढून वीस मिनिटं मिळवलीस तर तीही तुला राहणार नाहीत, दोन महिन्यांत तेच तुझं नवीन टायमिंग होईल आणि मग ९२ नं चालवणं ही तुझी नोकरी होईल.

आज रात्री निघणार असशील तर डोळा जड झाला की कराडच्या पुढं मागं कुठल्याही लाइट असलेल्या पंपावर गाडी घाल, मोबाइलला वीस मिनिटांचा गजर लाव आणि झोप. मालकाचा फोन आला तर पंक्चर काढतोय म्हणू नकोस, झोपलो होतो म्हणूनच सांग, ते एकदा ऐकायची सवय त्यालाही लागू दे. गॅरेजवाल्याला नको म्हणून कळव. आणि सलग पाच ट्रिपांची वही झाली की गेटचे तास मला लिहून पाठव, बाटा आता कसा आहे तेही लिही, मालकाशी आधी हॉल्टिंगचं काढायचं की बाट्याचं ते आकडे बघून ठरवू.